उरलेले बारा हप्ते

शलमोन उजागरे खुर्चीत बसून चहा पितोय, असं नगरच्या एमआयडीसीत क्वचितच कुणी पाहिलं असेल. कप हातात धरून तो मशीनभोवती फिरत राहायचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रेसमध्ये काढल्यावर त्याने एक जुनं एकरंगी मशीन विकत घेतलं होतं, आणि चार वर्षांपूर्वी चार रंगांचं ऑफसेट मशीन लीजवर आणलं होतं. दर महिन्याच्या पाच तारखेला अडुसष्ट हजारांचा हप्ता. पाच वर्षं हप्ते भरले की मशीन त्याचं.

एप्रिलमध्ये हिशेब बघणारी राजनंदिनी ताळेबंद घेऊन आली. आतापर्यंत लीजची मोठी रक्कम लांबच्या मुदतीच्या देण्यांत दिसायची. आता शेवटचं वर्ष उरलं, म्हणून बाराही हप्ते, आठ लाख सोळा हजार, वर्षाच्या आत फेडायच्या रकान्यात आले होते.

"काका, देणं कमीच झालंय," ती म्हणाली. "पण बँक हाच रकाना आधी बघते."

बँकेने तेच केलं. कर्जाची मर्यादा वाढवून द्यायला नकार आला. त्यातच कोपरगावच्या एका बड्या गिऱ्हाइकाने वार्षिक अहवालांच्या छपाईचं बिल अडकवलं. एप्रिलचा हप्ता चुकला, मेचाही चुकला. सलग तिसरा चुकला तर मशीन उचलून न्यायचं कलम करारात होतं.

शलमोन एक दिवसाआड कोपरगावची एसटी धरू लागला. तिथे त्याला बाकावर बसवून ठेवत आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून परत पाठवत. येताना तो राहुरीला उतरून कामं शोधायचा. तिथेच त्याला अजिनाथ भेटला. मेच्या अखेरीस हा गृहस्थ प्रेसवर आला तो बाजरीच्या बियाण्याची पिशवी घेऊन. नावाजलेल्या कंपनीची. तिच्यावरच्यासारखी हुबेहूब चाळीस हजार लेबलं हवी होती, दोन लाख रोख. कंपनीचं पत्र मागितलं तेव्हा त्याने विषय बदलला.

शलमोनला कळायचं ते कळलं, त्या लेबलांखाली दुसरंच बी विकलं जाणार होतं. तरी त्याने नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मशीनवर छपाईच्या प्लेटा चढवल्या.

मशीनमन सहादेव जेऊरचा, घरची चार एकर कोरडवाहू. त्याने पहिला कागद काढून उजेडात धरला आणि मशीन बंद केलं.

"दादा, आमी हीच बाजरी पेरतो," तो म्हणाला. "पिशवी बघूनच घेतो. दुसरं काय बघनार?"

शलमोन बाहेर पडला. भर उन्हात त्याने शेडला दोन फेऱ्या मारल्या. आत येऊन प्लेटा उतरवायला सांगितलं आणि अजिनाथला फोन करून काम होणार नाही म्हणाला. कारण दिलं नाही.

घरी त्याने सगळं बायकोला, कृपाला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "जुनं मशीन कितीला जाईल?"

हा प्रश्न तो महिनाभर टाळत होता. तेवढंच एक मशीन पुरतं त्याचं होतं. जे अजून आपलं झालं नाही त्याच्यासाठी आपलं विकायचं, हे त्याला पटत नव्हतं. पण मोठं मशीन गेलं तर सहादेवसकट पाच जणांचं काम जाणार होतं. श्रीरामपूरच्या एकाने सव्वादोन लाख दिले. टेम्पोत मशीन चढवताना शलमोनने घेणाऱ्याला दोनदा सांगितलं, थंडीत डावीकडचा रोलर शाई उशिरा धरतो.

तीन हप्ते एकदम भरले. पण जुन्या मशीनवर होणारी लग्नपत्रिकांची किरकोळ कामं दुसरीकडे गेली, आणि पुढचा प्रत्येक महिना ओढाताणीत गेला. कोपरगावच्या बिलातले निम्मे पैसे दिवाळीत आले, उरलेले आलेच नाहीत. कृपाने एक भिशी उचलली. मार्चमध्ये शेवटचा हप्ता गेला आणि काही देणं नसल्याचं कंपनीचं पत्र आलं.

एप्रिलच्या पाच तारखेला शलमोन सकाळपासून बेचैन होता. अखेर त्याने राजनंदिनीला फोन करून विचारलं, आज काही भरायचं राहिलंय का. लाईट बिल, ती म्हणाली, पण ते वीस तारखेला.