हात पुरत नाही ती जागा

हे मी कोणाले सांगतलं नाही — ना नवऱ्याले, ना पोरीले. तुम्हाले काऊन सांगून राह्यली, तेही धड ठाऊक नाही. पण आता सांगते.

माह्या पाठीवर खवले आहेत. लग्नाआधीपासूनचे. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याचं नाव सोरायसिस सांगतलं — म्हणे, हा रोग दुसऱ्याले लागत नाही, अन् पुरता जातही नाही. मलम लावा, खाजवू नका, सांभाळून राहा. मलम कसलं, डांबरच ते, काळं अन् उग्र वासाचं. ते स्वतःच्या पाठीले स्वतः लावायचं कसं?

त्याच दवाखान्याच्या बाकड्यावर सुमन भेटली. आमच्या धामणगावात नव्यानं आलेल्या मास्तरची बायको. तिच्या पाठीवरही तेच होतं, शिवाय कोपरांवर, हातांवर — उघड्यावर. माहं सगळं झाकलेलं. तेव्हापासून दुपारी सासूबाई पोथी ऐकाले गेल्या की ती यायची. दार लावून आम्ही एकमेकींच्या पाठीले मलम लावायचो. महाराष्ट्र तेव्हा नवा नवाच झाला होता, मास्तरच्या घरी त्याचा नकाशा टांगलेला होता. "आज खानदेश कोरडा हाये," ती माह्या पाठीवर बोट ठेवून म्हणायची, "पण वऱ्हाडात आग लागली बाई." हसता हसता मलम लुगड्याले लागायचं. काय हलका हात होता तिचा. मले माहेरची जेवढी येत नाही, तेवढी आठवण त्या हाताची येते. अजून येते.

नवऱ्याले माहं दुखणं ठाऊक होतं. आईले कळू देऊ नको, एवढंच तो म्हणाला. सासूबाईले कळलं असतं तर माहेरी धाडलं असतं मले — गल्लीतल्या एकीले पांढऱ्या डागांपायी धाडलंच होतं. भीती खरी होती. पण भीती खरी होती म्हणून काय झालं?

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. थंडीनं सुमनचे हात पार सोलून निघाले होते. तरी आली, नव्या बांगड्या भरून. सासूबाई माह्या कानाशी लागल्या — "हात पाह्य तिचे. महारोग दिसते. कुंकू लावू नको तिले." एक वाक्य पुरलं असतं — लागत नाही हो आत्याबाई, डॉक्टरनं सांगतलं. पण मग त्यांनी इचारलं असतं, तुले कसं ठाऊक? करंडा घेऊन मी सुमनसमोर आली. तिनं कपाळ पुढं केलं. मी पुढच्या बाईकडं वळली.

ती उठली, पदर सारखा केला अन् वाण न घेता गेली. माहं नाव तिनं घेतलं नाही. घेऊ शकत होती — तिथंच, सगळ्यांसमोर माहा पदर ओढून पाठ दाखवली असती, तर मी काय म्हणणार होती?

आठवड्यात गावभर झालं, मास्तरीणबाईले महारोग. विहिरीवर बायका तिच्यापासून लांब उभ्या राहाले लागल्या. शेवटी मास्तरनं बदली मागून घेतली, जानेफळले. पुढं सासूबाई वारल्या, कोणापासून लपवाचं उरलं नाही. बुलढाण्याले जानेफळच्या एसटीच्या पायरीपर्यंत मी दोनदा गेली. अन् दोनदा परत आली.

पण हे सांगाचं नव्हतं मले. हळदीकुंकवाचं तर साऱ्या बायकांनी डोळ्यानं पाह्यलं, ते काय लपलेलं? लपवलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशीचं.

दुपारी, नेहमीच्याच वेळी, कडी वाजली. मी समजली, सुमन भांडाले आली. भांडली असती तर बरं झालं असतं — चार शिव्या ऐकून मी मोकळी झाली असती. घरात कोणी नव्हतं. सासूबाई पोथीले, नवरा कामावर. कोणाची भीती होती मले त्या वेळी? कोणाचीच नाही. मी दाराशी गेली.

बाहेरून ती हळूच म्हणाली, "उघड नं. तुह्या पाठीले कोण लावीन आज?"

मी दाराआड उभी राह्यली. तीही तिकडं उभी होती, बराच वेळ. मग तिच्या चपला वाजल्या, अंगणातून रस्त्याकडं.

मी कडी काढली नाही.