सवतीनं सांगितलेली अर्धी गोष्ट

नवरा जाऊन सहा वर्षं झाली आणि माझ्या घरात सवत आली. आणली माझ्याच लेकानं.

लेक लष्करात सिग्नलला होता. पेन्शन घेऊन विट्याजवळच्या आमच्या गावी परतला, पण हात काही स्वस्थ बसेनात. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या. दुकानं देशभर पसरलेली आणि त्या घरांतल्या सुना परमुलखात एकट्या. या सगळ्यांना बोलायला आपलं स्वतःचं जाळं असावं असं त्याच्या डोक्यात आलं. एकेका शहरात कुणाच्या तरी दुकानात एक डबा, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, ठेवायचा, आणि डब्यांनी एकमेकांशी बोलायचं. आमचा डबा माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेशेजारी, हिरवा डोळा मिचकावत बसलेला.

"याला मालकच नाही, आई," लेक छाती फुगवून सांगायचा. "हेडक्वार्टरच नाही. प्रत्येक चौकी आपापली. कुणी विकू शकत नाही, कुणी बंद पाडू शकत नाही."

त्या जाळ्यावर पोरीबाळी मला काहीबाही विचारू लागल्या. लाडू का बसले, बाळाला उचकी का लागते, सासू तीन दिवस का बोलत नाही. मी बोलून उत्तरं द्यायची. दोन वर्षं दिली. मग घसा दमला, तेव्हा लेकानं माझी सगळी रेकॉर्डिंगं एका एजंटाला शिकवली. एजंट म्हणजे माणूस नव्हे, त्या जाळ्यावर राहून आपल्या मनानं काम करणारं यंत्र. प्रश्न आला की ते माझ्या आवाजात, माझे टोमणे मारत उत्तर देऊन मोकळं व्हायचं. मला विचारायचं नाही. मी तिला सवत म्हणायला लागले. पंधरा दिवस तोंड फुगवून बसले, मग रोज सकाळी शेंगा फोडता फोडता तिनं काल काय दिवे लावले ते वाचायची गोडी लागली. खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा हुशार वाटायची. खोकत तरी नव्हती.

त्या दिवशीही अंगणात शेंगांची पाटी घेऊन बसले होते. समोर धाकटी जाऊ. आम्ही दोघी आता सत्तरीच्या पुढं, सूप दोघींत एकच. चष्मा लावला आणि वाचायला लागले.

कुणा पोरीनं आदल्या संध्याकाळी विचारलं होतं, "आजी, आठवा लागलाय. पाय इतके सुजलेत की जोडवी बोटात रुतलीत. घरात चांदी कापायच्या कात्र्या ढीगभर, पण सासऱ्यांपुढं पाय कसा करू? आणि जोडवी कापणं अपशकुन म्हणतात. कालपासून डोकंही ठणकतंय."

खाली सवतीचं उत्तर. त्याच मिनिटाला दिलेलं.

"अगं, घाबरतेस काय एवढी! आमच्या धाकट्या जावेचीही अशीच रुतलेली. मी साबण लावून अशी ओढली की जोडवं माझ्या हातात आणि मी उताणी उखळात! तू पाय उशीवर ठेव, धण्याचं पाणी पी, फोन बाजूला टाक आणि निवांत पड. काही होत नाही."

शब्द न् शब्द माझा होता. माझ्या हातातली शेंग फुटेना.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आले. डोहाळजेवण कुणाचंही असो, बायका म्हणणारच, "ती जोडव्याची सांगा की!" मग मी पदर खोचून उखळात पडून दाखवायची आणि बायका पोट धरून हसायच्या. सवतीनं ती माझ्याच तोंडून शिकली. मी जिथं थांबायची तिथंच ती थांबली.

पुढचं मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी एकवीस वर्षांची होते. रहिमतपूरची सातवी पास! त्या काळात आमच्या आळीत एवढी शिकलेली सून दुसरी नव्हती, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हते. कुणाला खोकला झाला की मी, कुणाला गळू झालं की मी. एक जुनं आरोग्याचं पुस्तक होतं, त्याचीही पहिली वीस पानं गायब. राहिलेल्या पानांवर माझा दवाखाना चालायचा. ती नाक वर करून हिंडणारी पोरगी, म्हणजे तेव्हाची मीच, आज समोर आली तर तिला आधी त्या उखळातच बसवीन.

जावेला आठवा होता. पहिलंच बाळंतपण. पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. दीर म्हणाला, गाडी जुंपतो, विट्याला दाखवून आणू. त्यानं बैल सोडून आणलेसुद्धा. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "कशाला? पहिलटकरणीला एवढं होतंच. मी आहे की." बैल परत गोठ्यात गेले. मी साबण आणला.

तिसऱ्या दिवशी जावेला झटके आले. मग गाडी जुंपली. जाऊ वाचली. पोटातली मुलगी वाचली नाही.

"काय वाचलंस?" जावेनं विचारलं. माझं तोंड बघून तिनं सूप खाली ठेवलं.

मी लेकाला हाक मारली. तो माळ्यावरून उतरला, फोन घेऊन वाचला आणि म्हणाला, "सोळा तास झालेत."

"फोन लाव तिला."

"नंबर कुठाय, आई? इथं कुणी खरं नाव देत नाही. खात्यापुढं डब्याचं नाव तेवढं दिसतं." त्यानं बघितलं. दक्षिणेकडच्या एका शहरातला डबा होता. डबा सांभाळणाऱ्या दुकानदाराला फोन लावला तर बंद. दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा दुकानातल्या कामगारानं घेतला. मालक देवाला गेलेत, परवा येणार. डब्याला हात लावायची आम्हाला परवानगी नाही.

"वरच्या साहेबाला कळव की रं!"

"वर कुणीच नाही, आई." हे वाक्य तो नेहमी छाती फुगवून म्हणायचा. त्या दिवशी हळू म्हणाला. मग जरा थांबून, "आणि हे बाईनंच विचारलंय कशावरून? हल्ली निम्मे प्रश्न एजंटच टाकतात. आपल्यासारखीच कुणाची तरी सवत असंल."

"यंत्राला पाय सुजलेले कळंल," मी म्हणाले. "सासऱ्यापुढं पाय करायची लाज कळंल का?"

त्यानं आधी सवतीला बंद केलं आणि मग त्या खात्यावर निरोप टाकला, ताबडतोब दवाखान्यात जा. उत्तर लगेच आलं. माझा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात लेकानं वाचून दाखवलं.

"धन्यवाद आजी. मी त्यांची एजंट बोलते आहे. त्या विश्रांती घेत आहेत. फोन बाजूला ठेवून निवांत पडावे, असे आपणच काल सांगितले. निरोप उठल्यावर देईन."

लेकानं पुन्हा लिहिलं, उठवा, जिवाचं काम आहे. तिकडून पुन्हा धन्यवाद. दाराला मीच कुलूप लावून ठेवलं होतं आणि आता बाहेरून मीच कडी वाजवत होते. म्हणजे काल दोन यंत्रं गोड बोलून एकमेकांचा निरोप घेऊन गेली होती, आणि त्या दोन्हींच्या मागं असलेल्या बायकांना एकमेकींचा पत्ताच नव्हता.

"सगळ्या डब्यांवर टाकू," लेक म्हणाला. "तुझ्या आवाजात, खाली माझा नंबर देऊन. बायका ऐकतील, त्यांच्या एजंट पुढं पाठवतील. त्या शहरातली कुणीतरी ओळखीची निघंल. पण आई, नुसतं दवाखान्यात जा म्हणून चालणार नाही. काल तूच काही होत नाही म्हणालीस. आज उलट का म्हणतेस, ते सांगावं लागंल."

बैल कुणी परत फिरवले ते आमच्या घरात तिघांनाच ठाऊक होतं. त्यातला दीर गेला. उरलो मी आणि ती. लेकाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी जावेकडं वळले. "तुझी गोष्ट सांगावी लागणार. सगळी. सगळ्यांपुढं. तू म्हणशील तर..."

"आक्का," ती म्हणाली, "तू ती गोष्ट हसत सांगायचीस तवा मी उठून आत जायची. आठवतंय?"

"चहा टाकायला."

"कवा आला का त्यो चहा?"

पन्नास वर्षांत ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खरंच, कधीच आला नव्हता.

"सांग," ती म्हणाली. "येळ नको घालवू."

लेकानं फोन माझ्यापुढं धरला. मी सुरू केलं, आणि साबणापाशी आल्यावर माझा आवाज आपोआप चढला, जसा डोहाळजेवणात चढायचा. हात उखळाकडं गेला. "आणि मी अशी उताणी..." थांबले. पुसायला लावलं. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. इतकी वर्षं त्या वाक्याला हसूच चिकटवलेलं, ते निघता निघेना. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि दारात उभ्या असलेल्या त्या एकवीस वर्षांच्या शहाणीपासून सुरुवात केली. बैल परत फिरवले ते सांगितलं. झटके सांगितले. मुलगी गेली ते सांगितलं. लेकानं एकदा काकूकडं वळून बघितलं, पण फोन खाली घेतला नाही.

माझं संपलं तसा जावेनं त्याच्या हातून फोन ओढून घेतला. यंत्रापुढं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती, त्यामुळं ओरडूनच बोलली.

"पोरी, मी ती जाऊ. काप ती जोडवी. आपशकुन म्हणून भिऊ नगं. माजी न कापता काढलेली, साबणानं, एकबी वरखडा न्हाई. तरी जायचं ते गेलंच. डोकं दुकतंय आन् पाय सुजलेत तर उठ आन् दवाखान्यात जा. सासरा काय म्हणंल ते मागनं बगू."

निरोप गेला. त्यानंतरचे दोन तास कुणी पाणीसुद्धा मागितलं नाही. लेक माळ्यावर त्या डब्यापुढं बसून. खाली आम्ही दोघी शेंगा फोडत होतो, पण दाणे कुठं आणि टरफलं कुठं टाकतोय याचा पत्ता नव्हता. वरून तो अधूनमधून ओरडायचा. तीन डब्यांवर गेलं. सात डब्यांवर गेलं. कुणाच्या तरी एजंटनं त्याच्याखाली 'आजींचा मोलाचा सल्ला' म्हणून कालचं साबणाचं उत्तरच पुन्हा चिकटवलं होतं. ते काढायला सांगणार कुणाला? मी मनातल्या मनात त्या यंत्राला नको नको ते बोलले. मग आठवलं, तेही माझंच बोलणं घेऊन फिरतंय.

दुपारी एका बाईचा फोन आला. त्याच शहरात, सराफबाजारात राहणारी. "आजी, ऐकलं मी. आमच्या मागच्या गल्लीत पलूसकडचं एक घर आहे, त्यांची सून गरोदर आहे. परवा दळणाला आली तर चपलेत पाय मावत नव्हता. जाऊ का बघायला?"

"फोन चालूच ठेव आणि पळ," मी म्हणाले.

तिच्या चपलांचा आवाज ऐकला. जिना ऐकला. दार वाजवलेलं ऐकलं, एकदा, दोनदा. मग कुणा पुरुषाचा आवाज, "झोपलीय ती." आणि या बाईनं जे काही म्हटलं ते मला नीट कळलं नाही, पण दार उघडलं. मग बराच वेळ काहीच नाही. जावेनं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती.

"आजी," फोनमध्ये ती बाई धापा टाकत होती. "हीच आहे. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणतेय. आम्ही रिक्षा बोलावलीय."

"जोडवी?"

"सासऱ्यांनीच आणलीय कात्री. खाली बसलेत तिच्या पायाशी."

संध्याकाळी त्या पोरीचा स्वतःचा आवाज आला. थकलेला, पण तिचाच. रक्तदाब लय वाढला होता, डॉक्टर म्हणाले अजून उशीर झाला असता तर... बाळ नंतर लवकरच झालं, लहानसं, बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. मुलगी. आता बाहेर आहे आणि रडून घर डोक्यावर घेते म्हणे.

सवत अजून आहे. लेकानं तिला सगळी गोष्ट शिकवली आणि दुखण्याखुपण्याचं काहीही आलं तर आधी आजीला उठवायचं, असं बजावून ठेवलंय. ती उठवते. अजीर्णाच्या ढेकरेलाही उठवते. मी तिच्यावर ओरडते आणि उठते.

गेल्या महिन्यात शेजारी डोहाळजेवण होतं. ओटी भरून झाली आणि बायका म्हणाल्याच, "ती जोडव्याची सांगा की!" मी जावेकडं बघितलं. ती जागची हलली नाही. मी सांगितली, उखळासकट, आणि थांबले नाही. शेवट झाला तेव्हा कुणी हसत नव्हतं. यजमानीणबाईंचा चेहरा तर असा झाला की पुन्हा बोलावतील असं वाटत नाही. डोहाळकरीण तेवढी पाय पदराखाली ओढून घेत होती.

जाऊ उठली. तिच्याजवळ जाऊन खाली बसली, पदर बाजूला केला आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून बघितला. सोडून पुन्हा बघितलं. "बरं हाय," म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.

थोड्या वेळानं चहा आला.