एका कोयत्याचा शिनेमा

महं नाव सरजाबाई. राग मह्या नाकावर असतोय, हे आधीच सांगून ठेवते. मग मागून कुणी बोल लावू नका. सांगायचंय ते मह्या धाकट्या जावंचं, धुरपदाचं.

आमी गंगाखेडकडच्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला जातो. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. माणसं दोन, कोयता एक, आन् मुकादमाच्या यादीत नावबी एकच, नवऱ्याचं.

तर ह्या धुरपदाला फोनवर शुटिंग काढायचा लय नाद. भाकरी थापायची असो का मोळी बांधायची, फोन कशाला तरी टेकवून ठेवायची. मी म्हणायची, "अगं बये, ऊस तोडायलीस का कुणाचं लगीन लावायलीस?" ही नुसती हसायची. सातवी शिकलेली बाई, पण फोनवरच कापाकापी करून तिनं सात मिनिटांचा शिनेमा जोडला. फडातला एक दिवस.

परभणीत बायांनी काढलेल्या शिनेमांचा महोत्सव भरणार, हे तिला फोनवरच कळालं. तिनंच फारम भरला, शिनेमा धाडला आन् मला म्हणाली, "आक्का, एकदा मोठ्या पडद्यावर लागला पाहिजे. मग मेले तरी चालंल."

"मर खुशाल," म्हणलं, "पण आधी मला परभणीला ने."

त्या दिवशी आमी तिघं यष्टीत बसलो. धुरपदा, मी आन् महा दीर व्यंकटी, तिचा नवरा. आमा दोघींना अर्धं तिकीट, त्याला पूर्ण, म्हणून तो गंगाखेडपासूनच फुगलेला. त्यात गावभर सांगून ठेवलेलं, "आमचा शिनेमा परभणीत लागायलाय." आमचा म्हणे! मी दात-ओठ खाल्ले.

हॉलच्या दारावर शिनेमांच्या नावांचा कागद लावलेला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. धुरपदाचा न्हाईच. तिचं तोंड एवढंसं झालं.

आत अर्पिताताई म्हणून एक पोरगी होती, महोत्सवाचं सगळं तीच बघत होती. तिनं लॅपटॉपात शोधलं. "व्यंकटी नावाच्या गृहस्थांचा एक आला होता. पण हा महोत्सव फक्त बायकांचा आहे ना. मी फोनसुद्धा केला होता. ते म्हणाले, हो, माझाच आहे."

मी धुरपदाकडं वळले. "नाव कुणाचं टाकलंस गं भवाने?"

"ह्यांचं. नंबरबी ह्यांचाच," ती म्हणाली. "कामाच्या कागदावर ह्यांचंच असतंय की, आक्का. मला दुसरं सुचलंच न्हाई."

घ्या! साऱ्या जगात एक जागा निघाली जिथं फकस्त बाईचं नाव चालतंय, आन् तिथं ही नवऱ्याचं टाकून आली. मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू? तिच्या जागी मी असते तर मीबी हेच केलं असतं. त्याचाच मला जास्ती राग आला.

"भावजी, सांगा की त्यांना, तुमचा न्हाई म्हणून," मी व्यंकटीला म्हणलं.

"न्हाई कसा, वैनी? कोयता दोघांचा, तर शिनेमाबी दोघांचा. दोघांची नावं लावा." गावात इज्जत जाईल ही धास्ती त्याच्या तोंडावर दिसायली होती.

"दोघांचा असेल तर नियमात बसत नाही, दादा," अर्पिताताई म्हणाली. "त्यांच्या एकटीचा असेल तर आजच दुपारी लावते."

धुरपदाचे डोळे भरले. "ऱ्हाऊ द्या, ताई."

महं डोस्कं सणकलं. "ऱ्हाऊ द्या कशाला? आधी बघा तरी काय काढलंय ते!"

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. अर्पिताताईनं शिनेमा पडद्यावर लावला. आधी अंधार, मग चूल पेटली. भाकरी थापणारे धुरपदाचे हात. मागं एक गोधडी, गोधडीच्या बाहेर दोन पाय. मग फडात मी, कुणाला तरी शिव्या द्यायलेली, तोंड हे एवढं वासलेलं. मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बाया. व्यंकटी ऊस तोडतानाबी दिसला, खोटं का बोलू? पण चहा पितानाबी दिसला आन् बाभळीखाली आडवाबी दिसला. मी हसून हसून बेजार झाले.

व्यंकटी काही हसंना. चूल दिसल्यापासून तो मान पुढं काढून बसलेला.

"हे कवाचं गं?" त्यानं हळूच इचारलं.

"पहाटं तीनचं."

"त्या दिशी एवढ्या लवकर का उठलीस?"

"त्या दिशी कुठलं? रोजच उठते."

अठरा वरसं फडावरच्या एका कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तिच्यासंगं ऱ्हायलेला माणूस, पण ती वेळ त्यानं कधी बघितलीच नव्हती. मला वाटायचं, ह्याला ठाऊक असूनबी हा लोळत पडतोय.

शिनेमा संपला. अर्पिताताईनं दिवे लावले. "मग दादा, कुणाचा म्हणायचा?"

व्यंकटी उभा राहिला, टोपी काढून हातात घेतली. "ताई, मी तर झोपलेलो हाय ह्याच्यात. झोपलेला माणूस काय शिनेमा काढंल? तिचं नाव लिवा. एकटीचं."

अर्पिताताई कागद घेऊन लिहायला बसली. तेवढ्यात हा धुरपदाकडं न बघताच म्हणाला, "मला उठवायचं की गं."

"आता उठवीन," धुरपदा म्हणाली.