आडव्या बाटलीचं मतदान

राज्यानं दारूबंदीसाठी प्रयत्न करावा, असं संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. साक्री तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी ते बरीच वर्षं शिकवलं. शाळेच्या वाटेवरच सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, हे वाक्य मुलं पेपरात न चुकता लिहीत.

दुकान बंद करा म्हणून गावातल्या बायकांनी अर्ज केला. पुढे होत्या एक अक्का. नवरा दारूनं गेलेला, मोठा मुलगा सकाळपासून दुकानाच्या पायरीवर. अर्जावर पहिला अंगठा त्यांच्या सासूचा. सह्यांची पडताळणी इतकी सावकाश झाली, की तेवढ्यात सासू वारली.

मग फक्त बायकांचं मतदान शाळेतच झालं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. मतदान म्हणून त्या दिवशी दुकानाला कुलूप होतं. ते तत्त्व आमच्या गावात अमलात आलं ते तेवढा एक दिवस.

आलेल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी आडवीवर शिक्का मारला. पण नियमानं मतदारयादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. गुजरातेत ऊस तोडायला गेलेल्या, सासरी गेलेल्या, सरणावर गेलेल्या, सगळ्या न येताच उभ्या बाटलीच्या कामी आल्या. तीन मतं कमी पडली.

मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी निकाल वाचला, लोकशाहीवर चार शब्द बोलले आणि चहा घेऊन गेले. अक्का माझ्याकडे आल्या.

"भाऊ, मनी सासू ते मरी गयी. तीबी बाटलीनाच बाजूनी शे का?"

मी नियम समजावून सांगितला. नियम मला चांगले येतात.

एक गोष्ट सांगितली नाही. गावच्या मतदारयादीचं काम माझ्याकडे होतं. सासूचं नाव कमी करायचा अर्ज अक्कांनी मृत्यूच्या दाखल्यासह माझ्याच हातात दिला होता. वारलेल्या बायकांची नावं कमी करायचे तसे आणखी सात अर्ज होते. सवडीनं तहसीलला नेऊ म्हणून मी ते शाळेच्या कपाटात ठेवले. वेळेत नेले असते, तर निम्म्याचा आकडा चारनं खाली आला असता आणि दुकान उठलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं. मला येताना पाहून अक्कांचा मुलगा पायरीवरून उठला, तोल सावरला आणि "नमस्कार सर" म्हणाला. माझाच विद्यार्थी. नागरिकशास्त्रात त्याला चांगले मार्क असायचे.