परग्रहाचे राजे देवराव काका

टीव्हीसमोरचे सगळे हसू लागले की नेमके तेव्हाच देवराव काका विचारत, "काहून?" रविवारी सकाळी अंतराळयानाची मालिका लागायची आणि जबलपूरच्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरांतले शेजारचे काका ती पाहायला आमच्याकडे येत. दर भागात नवा ग्रह आणि नवे येडबंबू लोक. कोणी पाहुण्याच्या नाकाला नाक घाशी, कोणी जेवणाआधी धाय मोकलून रडे. आम्ही पोट धरून हसायचो. काका मात्र त्या रडणाऱ्यांची मनापासून काळजी करत. "त्याइच्याकडे दुष्काळ पडला असन कधी," म्हणत. मला त्यांचा रागच यायचा. अशाने हसण्यात मजा ती काय राहणार?

गंमत अशी, की मोहल्ल्यात त्यांच्याइतकं हसवणारा माणूस दुसरा नव्हता. जबलपुरातल्याच गढा भागातल्या बाजारात ते भाजीचा भाव करू लागले की बाकीची गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून ऐकत. म्हणून भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी मी परग्रहावरची नाटिका लिहिली, तेव्हा तिथला राजा त्यांनाच केलं. आदल्या वर्षी माझ्या नाटिकेला चिटपाखरूही हसलं नव्हतं. यंदाही तसंच झालं तर लिहिणं सोडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पृथ्वीवरचा कप्तान मी, तो हिंदी बोलणार, परग्रहावरचे मराठी. राजा पाहुण्याला पाठ दाखवून नमस्कार करतो, हा हुकमी हशा.

"अच्छा, पर पाठ काहून दाखवते?" काकांनी पहिल्याच तालमीत विचारलं.

मी म्हटलं, उगीच, गंमत म्हणून. काकांनी स्प्रिंगांची शिंगं डोक्यावरून उतरवली. "हसवाले मी तयार आहो, बाबू. पण बिनकारणाचा राजा मी नाही बनत."

तीन दिवस ते तालमीला फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी मीच नाक मुठीत धरून त्यांच्या दारात गेलो. चहा पिता पिता दोघांनी कारण शोधलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं. कारण सांगितलं की हशा मरणार, ही धास्ती मनात होतीच.

कार्यक्रमात काकांनी पाठ फिरवली आणि मंडप हसून हसून बेजार झाला. ठरल्याप्रमाणे मी खेळण्यातलं पिस्तूल रोखून हिंदीत ओरडलो, की हा पृथ्वीचा अपमान आहे. काका वळले नाहीत. "ज्याच्यावर भरोसा, त्यालेच आमी पाठ दाखवतो," ते शांतपणे म्हणाले. वहीत एवढंच होतं. पण काका थांबले नाहीत.

"काहून भैया, तुमच्याकडे पाठीमांगून मारते का?"

मी त्यांच्या पाठीवर पिस्तूल रोखून उभा. मग मंडपातले लोक जे हसले, ते मला. पहिल्या रांगेतली माझी आईसुद्धा हसून हसून डोळे पुशीत होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मीही हसत सुटलो.

लिहिणं मी सोडलं नाही. काका पुढे पनागरला लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. माझ्या लिखाणाला मिळालेला सगळ्यात मोठा हशा त्यांनी मिळवून दिला, आणि तोही माझ्यावरच.