पाणी राखायला निघालेलो आम्ही

सफाईखात्यातून रिटायर झालेली दोन माणसं भेटली, की तिसऱ्या वाक्याला विहिरीत उतरतात. इलाज नाही! निजामाच्या राज्यात, आपल्या परभणी जिल्ह्यात, आम्ही गावोगावचं पिण्याचं पाणी राखत हिंडलो. आमची फौज केवढी? मोजून तीन माणसं. दारोगासाहेब, म्हणजे आमचे सॅनिटरी इन्स्पेक्टर, शिपाई सटवाजी, आणि मी, कागद लिहिणारा अहलकार. हत्यारं म्हणाल तर लाल दवेचा डबा आणि सरकारी इश्तिहारांची, म्हणजे जाहीरनाम्यांची, भेंडोळी. पण किस्से इतके साठले, की सांगताना अजून मीच आ वासतो.

*

आगगाडीनं चुडाव्याला उतरलो आणि तिथून छकड्यानं एका खेड्यात गेलो. आसपास पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झालेला. हुकूम असा, की प्रत्येक विहिरीत लाल दवा टाकायची. टाकली. पाणी लालजांभळं झालं. काठावरची बाई किंचाळली, "आगं माय, हिरीतून रगत यायलंय!" आणि घागर तिथंच टाकून पळाली.

साहेबांनी गाव गोळा केलं. तासभर समजावलं. लाल रंग म्हणजे दवा, आणि दवा पडली की पाणी शुद्ध. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही खूश!

आठ दिवसांनी परत गेलो, तर पाण्यावर कुंकवाची साय! मधे फुलं, लिंबं, हिरव्या खणाचा तुकडा. साहेब मटकन काठावरच बसले.

गावचे पाटील हात जोडून म्हणाले, "तुमची दवा फिकी पडली व्हती साहेब. आमी आपली भर घातली!"

*

पाथरीकडच्या एका गावात पायऱ्यांची बावडी होती. लोक पाण्यात उतरून घागरी भरत आणि तिथंच पाय धूत. वरून इश्तिहार आला, 'बावडीत उतरायला मनाई आहे.' मी तो सटवाजीकडे दिला आणि बजावलं, सगळ्यांना दिसेल असा लाव.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर बावडीत ही गर्दी! माणसं गुडघाभर पाण्यात उभी. सटवाजीनं इश्तिहार आतल्या भिंतीला, अगदी पाण्यालगत चिकटवलेला!

"अरे, हे काय केलंस?" साहेब ओरडले.

"वर वारं लय हाय साहेब. कागद फाटायलाय. हितं कसा टिकलाय बघा!"

इश्तिहार उर्दूत. गावात उर्दू वाचणारे एकटे म्हातारे मौलवीसाहेब. त्यांना दोघांनी बखोटीला धरून, पायऱ्या उतरवून पाण्यात उभं केलं होतं, आणि ते खणखणीत आवाजात वाचत होते, "बावडी में... उतरना... मना है!"

*

नदीकाठच्या एका गावी आम्ही नदीचे दोन भाग केले. वरच्या अंगाला फक्त पिण्याचं पाणी, खालच्या अंगाला अंघोळी, धुणी, जनावरं. मधे झेंडा रोवला आणि वरच्या अंगाला एक चौकीदार बसवला.

महिन्यानं तपासणीला गेलो. झेंडा जागेवर. वरच्या अंगाला एकही माणूस नाही. नाही म्हणजे, एक होता. चौकीदार! अंगाला साबण चोपडून, मजेत अंघोळ चाललेली.

साहेब कडाडले. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "साहेब, तुमीच तर सांगितलं ना, वरचं पाणी लय सोच्छ असतंय म्हणून!"

*

राणीसावरगावच्या बाजूला नारूचा फार त्रास. नारू म्हणजे पायातून बाहेर येणारा हातभर लांब किडा. आम्ही उन्हाचे एका वस्तीवर पोचलो. लोकांनी साहेबांना तांब्याभर गार पाणी दिलं, साहेब ते गटागटा प्यायले. मग बावडीच्या काठावर उभं राहून बोलायला लागले. नारू झालेला पाय पाण्यात बुडवू नका, त्याची पिलावळ पाण्यात उतरते, तेच पाणी प्यालात की तुम्हालाही नारू!

खालच्या पायरीवर एक म्हातारा फार लक्ष देऊन ऐकत होता. साहेबांनी खूश होऊन विचारलं, "कळलं का बाबा?"

"कळलं की! आजून सांगा." आणि त्यानं पाय पाण्याबाहेर काढला. घोट्याला काडी, काडीवर गुंडाळलेला पांढरा दोरा. दोरा कुठला, नारूच! "आग व्हायली व्हती साहेब, म्हणून थंड करायलोय. सकाळधरनं हितंच हाय."

साहेबांनी वळून तांब्याकडं बघितलं. ज्यानं पाणी दिलं होतं त्यानं बावडीकडं बोट केलं.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब लंगडत ऑफिसात आले.

*

आता हा एक. गावाचं नाव सांगत नाही.

पटकीनं तिथं आठवड्यात नऊ माणसं नेली. पाटलांचा धाकटा भाऊ त्यातच गेला. गावच्या मोठ्या विहिरीला कठडा नव्हता. काठावर धुणी चालत आणि ते सगळं पाणी आत. साहेबांनी तिच्यावर फळ्या ठोकून लाखेचं सील मारलं. मग दुसरं पाणी शोधायला निघालो. धड बांधलेली, कठड्याची विहीर एकच निघाली, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. त्या माणसांना मोठ्या विहिरीवर कधी चढू दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या हातांनी खणलेली. त्या वस्तीत एकही माणूस दगावलेला नव्हता.

साहेबांनी चावडीवर हुकूम वाचला. पिण्याचं पाणी आता तिथलंच. दोर एक, पोहरा एक, ओढणारा हातही एकच. बाकी कुणी कशाला शिवायचं नाही. पाणी ओढायला वस्तीतली म्हातारी राधाबाई नेमली.

पाटील उठले. "मरू आमी साहेब. पन ते पानी न्हाई." आणि निघून गेले.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. राधाबाई आपली पोहरा धरून उभी. आम्ही तिघं लिंबाखाली बसलेलो. गावातून रडण्याचा आवाज आला, की सटवाजी कानावर हात ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलीणबाई आल्या. एकट्या. घरात लेक पटकीनं अंथरुणाला खिळलेली. त्या कुणाकडं न बघता सरळ कठड्यापाशी गेल्या आणि पोहऱ्याकडं हात नेला.

राधाबाईनं पोहरा मागं घेतला.

"लांब हुब्या ऱ्हावा, बाई," ती म्हणाली. "शिवू नगा. मी वरून वतते."

पाटलीणबाई दोन पावलं मागं सरल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी घागर पुढं धरली.