बाईंच्या खोलीतली डाळ

फोन रेखाचा होता, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा. "बाई गेल्या..." एवढंच म्हणाली. खरं सांगते, आधी हायसंच वाटलं. आमच्या विज्ञानाच्या बाईंना वर्षभर एकेका श्वासासाठी झगडताना बघवत नव्हतं. सुटल्या बिचाऱ्या, म्हटलं. मग दुसरीच धास्ती बसली. आता त्यांच्या खोलीला कुलूप लागणार...

ढाणकीजवळच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. बाईंनी पोषण आहाराचं जुनं स्वयंपाकघर मागून घेतलं होतं, तीच ही खोली. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, विहिरीच्या शिजते, असं गावातल्या बाया म्हणायच्या. मीही एकदा तसंच ठासून बोलले. बाईंचा प्रश्न ठरलेला, "कायवरून म्हणतं?" झालं, चुलींवर दोन गंज, म्हणजे आमच्याकडची पातेली, चढले. डाळ सारखी मोजून, पाणी सारखं, जाळही सारखा. विहिरीच्या पाण्यातली आधी शिजली. मी टाळ्या पिटल्या, तर बाई म्हणाल्या, अजून काय वेगळं होतं ते शोध. असा राग आला! जिंकल्यावरसुद्धा ही बाई सुखानं जिंकू देत नाही.

पण पाण्याचं वेड लागलं ते लागलंच. बाईंनी आम्हा मुलींना यवतमाळला नेऊन पाणी तपासतात ती प्रयोगशाळा दाखवली. बाबांना मला मास्तरीण करायचं होतं. बाई आमच्या तांड्यावर आल्या, चहा घेतला आणि अशीही नोकरी असते हे त्यांना समजावत बसल्या. शेवटी बाबाच हरले. "तुमचंच आयकते ते, बाई. शिकवा," म्हणाले. आज मी पाणीच तपासते.

परवा धीर करून शाळेत गेले. खोली उघडी होती, आतून धूर येत होता. चुलींवर गंज, भोवती घामाघूम पोरी, आणि नवे सर कोपऱ्यात गप्प. पोरींना उत्तर सांगायचं नाही, अशी तंबी बाईंनीच देऊन ठेवली होती म्हणे. माझा जीव भांड्यात पडला.

मला मात्र कुठली तंबी! विहिरीच्या पाण्यातलीच आधी शिजेल, आम्ही करून पाहिलंय, असं मी सांगून टाकलं. दोन वेण्यांची एक पोर पळी घेऊन माझ्याकडे वळली.

"दोन्हीकडची डाळ एकाच घरची होती काय, ताई? जुनी डाळ उशिरा शिजते."

नव्हती. विहिरीच्या पाण्यात माझ्या घरची नवी तूर होती, बोअरच्या पाण्यात रेखाच्या घरची, कधीची कोण जाणे. बाई तेव्हा हेच तर विचारत होत्या... डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

"नव्हती गं," मी म्हटलं.

"मंग कायवरून म्हणता?"

मी पर्स खुंटीला अडकवली आणि डाळ निवडायला बसले.